तिनं न घेतलेलं नाव

बायकोच्या दहाव्याला तिच्या आत्याचा पोरगा आला आणि तिच्या माहेरच्या नावानं हाका मारत रडला. चारचौघांचे डोळे भरले. मला मात्र ते नाव खुपलं. लग्नात म्या ताटातल्या तांदळात बोटानं तिचं दुसरं नाव लिहिलं हुतं. घरात तेच चालायचं. पण त्या नावानं तिला दोनदा हाक मारावी लागायची. ह्यानं जुन्या नावानं एकदा हाक मारली की "ओ" तयार.

हे मला पहिल्यांदा कळलं येरमाळ्याकडच्या डोंगरावर. तिचं माहेर तिकडंच. हा मामाच्या म्हणजे तिच्याच घरात वाढलेला, आणि तिला त्यालाच द्यायचं असं एकेकाळी बोलणंही झालेलं. मोठ्या दुष्काळानंतरचा चैत हुता. मी खडी फोडून हात सोलून घेतलेले. हा साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा. टेरिकॉटचा शर्ट, मनगटाला घड्याळ.

माथ्यावरच्या देवीला निवद न्यायचा हुता. पायवाट सोडून तो सरळ रानात शिरला.

"शेरडं घेऊन आमी हितनंच जायचो, दाजी. या जपून."

पळस फुललेला, धावड्याला कवळी पालवी. वाळल्या पाल्यावरनं पाय घसरायचा. ती दोघं पुढं. कुठल्या बोरीवरनं कोण पडलं, कुठल्या कपारीत मोहोळ हुतं, हसणं काय संपंना. त्यानं जुन्या नावानं हाक मारली की ती लगेच ओ द्यायची, आणि दर चार पावलांला त्याचं नाव घ्यायची, सरळ. माझं नाव तिनं जन्मात एकदाच घेतलं, लग्नातल्या उखाण्यात, आणि नेमकी तवाच वाजंत्र्यानं सनई फुंकली.

म्हटलं, यांच्या आधी माथा गाठतो. डावीकडनं एकटाच घुसलो. चिलारीच्या काट्यात धोतर फाटलं, तळहातात काटा मोडला. धोंड्याच्या आडोशाला बसलो तवर ती दोघं वर पोचली हुती.

"अहो!" तिची हाक आली.

मी धोंड्याला आणखी चिकटलो.

"अहो, कुठं हाव?"

पायवाटेवरनं कुणीतरी म्हातारा वरडला, "हितंच हाय की गं!"

वर हा खिदळला. "अगं, डोंगरावर समदेच अहो. नाव घे की!"

घेऊ दे. त्याच्यादेखत घेऊ दे, डोंगरभर घुमू दे. हललो न्हाय.

"तूच मार की हाक," ती म्हणाली.

त्यानं मारली. त्याला कशाला ओ देऊ?

मग पाला वाजला. त्याला वर सोडून ती एकटीच उतरत आली, निवदाची टोपली डोक्यावर तशीच.

"हितं बसून काय करलालाव?"

"नाव घेतलं असतंस तर ओ दिली असती."

"येडं का काय! नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं." टोपली उतरवून, खाली बसून तिनं माझ्या हातातला काटा दातानं उपसला.

"मग त्याचं कसं घेतीस?"

"त्यो काय माझा नवरा हाय? घटू दे की."

माथ्यापर्यंत मी हसत गेलो. तो विचारत राहिला, काय झालं दाजी. सांगितलं न्हाय.

त्याचं काय घटलं न्हाय. दहाव्याला सायकल हाणत आला, बत्तीशी शाबूत. माझंही घटलं न्हाय; तिनं जपून ठेवलेलं ते आता एकट्यानं काढतोय. पण त्याच्या कानात त्याचं नाव तिच्या आवाजात हाय. माझ्या कानात ती सनईच.