मैदानातली गंगा

परवा अंबडच्या एका शाळेत डिजिटल फळ्याचं उद्घाटन होतं. चार भाषणं झाली आणि वीज गेली. बाहेर कुणीतरी मैदानावर पाणी शिंपडत होतं. त्या ओल्या मातीच्या वासानं मला थेट माझ्या पहिल्या नोकरीच्या, गोदाकाठच्या शहागडच्या शाळेत नेलं.

तिथला नकाशा फाटू नये म्हणून कायम कुलपात असे. मग तपासणीच्या दिवशी मी मैदानात, गोल उभ्या पोरांच्या मधोमध राखेनं महाराष्ट्र काढला. तपासणीला आलेले साहेब कडेलाच खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या शेऱ्यावर माझी नवी नोकरी टिकणार होती. गोदावरी, म्हणजे तिकडच्या लोकांची गंगा, दाखवायला मी नाशिकपाशी तांब्याभर पाणी ओतलं. ते सरळ मुंबईकडे निघालं.

"गुरुजी, तुमची गंगा उलटी चालून राह्यली!" चौथीतली शबाना ओरडली. साहेबांनी वही उघडली.

"डोंगर कुठंय? डोंगर न्हाई, मंग पाणी इकडं कसं येईल?" म्हणत तिनं ओंजळीनं माती आणून पश्चिमेला रचली, थापली आणि पुन्हा पाणी ओतलं.

पाणी वळलं. राखेचे कण घेऊन हळूहळू नकाशातल्या शहागडकडे आलं. तेव्हा मला फक्त नोकरी वाचल्यासारखं वाटलं होतं. आज आठवतं ते वेगळंच. कुणी न सांगता पोरांनी नदीला वाट देत पाय मागे घेतले.

साहेबांनीही बूट मागे घेतले.