सरळ कापलेल्या नोटा

आमच्या ह्यांना विस्कटलेली कड दिसली की ह्यांचे हात शिवशिवतात. धंदा पुस्तकबांधणीचा. पुस्तक शिवलं, खळ लावली, दाबून वाळवलं, की शेवटी कडा कापून सरळ करायच्या. दुकानात ठीक आहे हो! पण घरात? भिंतीवरचं कॅलेंडर कापलं, पायपुसण्याच्या दशा कापल्या. माझ्या आईचा एकुलता एक फोटो कडेला पिवळा पडला होता, तो असा सरळ केला की आईचा डावा कानच गेला. मी आठवडाभर अबोला धरला. ह्यांचं आपलं एकच, "अगं, पण काटकोन बघ किती झकास आलाय!"

कपाळावर हात मारून घ्यायचा, दुसरं काय?

आमची मुलगी लग्न करून परदेशात गेली. तिचे दिवस भरत आले आणि जावई नेमका जहाजावर. डॉक्टर ऑपरेशन करायचं म्हणाले तेव्हा तिचा फोन आला. माझ्याशी अगदी धीटपणे बोलली. मग म्हणाली, "बाबांना दे," आणि बाबांजवळ रडली. "बाबा, मला आत नेतील तेव्हा तुम्ही दाराशी हवेत." दुकान सोडून कधी लग्नाला न जाणारे हे, लगेच "येतो" म्हणाले.

शेजारच्या ट्रक ड्रायव्हरच्या फेऱ्या त्याच देशात असायच्या. त्याने तिकडच्या नोटांचं पुडकं आम्हाला बदलून दिलं. नोटा कसल्या, चिंध्या नुसत्या! कुठे चिकटपट्टी, कुठे तेलाचे डाग, कोपरे कुरतडलेले. "वहिनी, काळजी करू नका," तो म्हणाला, "तिकडे अशाच चालतात." मी ऐकलं. ह्यांनी कुठलं ऐकायला! हे कडांकडे बघत बसले होते.

मी बॅगा भरतेय तोवर ह्यांनी नोटा दुकानात नेल्या. चिकटपट्ट्या सोडवल्या, फाटलं होतं तिथे मागून पातळ कागद डकवला, दाबून वाळवल्या. आणि शेवटी सगळ्या एकावर एक रचून चारही कडा कापल्या. घरी आणल्या तेव्हा पत्त्यांच्या कोऱ्या जोडासारख्या दिसत होत्या. खोटं कशाला बोलू, मलाही कौतुक वाटलं.

सीमेपलीकडच्या गावात उतरलो. तिथून मुलीच्या शहराला जाणारी शेवटची बस दुपारची, आणि ऑपरेशन संध्याकाळी. तिकीट खिडकीतल्या बाईंनी आमची नोट घेतली, गल्ल्यातली एक लक्तरासारखी नोट काढून तिच्यावर ठेवली. आमची चारही बाजूंनी आखूड.

"खोटी आहे," बाई म्हणाल्या. तिकडची भाषा मला जावयामुळे जेमतेम येते, पण एवढं कळलं.

"खोटी कशी? दुरुस्त केलीय!" हे उसळले. मी ते कसंबसं बाईंना सांगितलं.

"दुरुस्त करायला सांगितलं होतं कोणी?"

घ्या! इतकी वर्षं मी दुसरं काय विचारतेय?

औषधाच्या दुकानात विचारलं, चहावाल्याला विचारलं. हमालाने तर नोट हुंगून परत दिली. आपल्या देशातले रुपये तर कोणी हातातही धरेना. बसचं इंजिन सुरू झालं. हे बाकावर मटकन बसले. "पोरगी दाराकडे बघत असेल गं," म्हणाले.

मी पुन्हा खिडकीशी गेले आणि मोडक्यातोडक्या भाषेत बाईंना सगळं सांगितलं. बाई विरघळल्या. म्हणाल्या, "सुट्टे नसले की आम्ही नोट मधोमध फाडतो. अर्धी नोट अर्ध्या किमतीला चालते. तुमच्या फाडून आणा."

"पण आखूड आहेत ना?"

"माप पूर्ण नोटेला असतं. अर्धीला कोण माप लावतंय?"

इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की मलाही ते पटलं.

ह्यांचा चेहरा मात्र पांढराफटक. "फाडू? मी?" मग नोट नीट दुमडली, घडीवर नख फिरवलं आणि फाडली. कड अशी सरळ, की बाईंनी ती तशीच परत सरकवली. "ही कापलेली आहे. फाडलेली हवी."

दुसरीही तशीच! ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"अहो, हात आहेत की यंत्र?" मी ओरडले. "द्या इकडे, मी फाडते!"

"नको. मीच बिघडवल्यात, मीच फाडतो." ह्यांनी डोळे घट्ट मिटले आणि टरकावली. वेडीवाकडी, धागे लोंबणारी. मग आणखी एक, आणखी एक. गालांवरून पाणी वाहत होतं. बाईंनी ती लक्तरं प्रेमाने जुळवून घेतली, दोन तिकिटं दिली आणि म्हणाल्या, "ह्या खऱ्या."

आम्ही पोचलो तेव्हा तिला आत नेतच होते. दाराशी तिने बाबांचं बोट धरलं, सोडेचना.

नात झाली. मुलगी अजून गुंगीत होती, तरी पहिलं काय म्हणाली, तर "बाबा, तिचा कान बघा ना, दुमडलाय." खरंच, कानाची वरची कड पुस्तकाच्या पानासारखी दुमडलेली. आणि तोही डावाच! ह्यांचा अंगठा कानाकडे गेला. हात धरायला मी पुढे झाले, पण अंगठा त्या घडीवरून हलकेच फिरला आणि मागे आला.

"असू दे," हे लेकीला म्हणाले. "तुझ्या आजीचा मी घालवला. हा आहे तसा राहू दे."

त्या फोटोबद्दल हे पहिल्यांदाच असं बोलले, आणि मला रडू आवरेना.