चार हिरव्या वायरी

पप्पांच्या माघारी त्यांचा छोटा ट्रॅक्टर पहिल्यांदाच चालू करायला गेले, तर किल्ली फिरवताच जळक्या वायरीचा वास आला.

वीस वर्षांपूर्वी आगाशीच्या वाडीत, केळींमध्ये याच ट्रॅक्टरमधून असाच वास सुटला होता. पप्पांनी किल्लीच्या स्विचच्या चार जळलेल्या वायरी उपटल्या आणि चर्चच्या सणाच्या रोषणाईतून उरलेली हिरवी वायर कापून चारही जागी जोडली. दातांत चिकटपट्टी, बोटं ग्रीसने काळी.

मी वैतागले, “पप्पा, सगळ्या एकाच रंगाच्या! कुठली कुठे जाते, कळणार कसं?”

“मी हाय ना,” ते म्हणाले.

आज स्विच खोलला, तर चारही वायरी सुटून हातात आल्या. फोनवर मेकॅनिक विचारतोय, “मॅडम, बॅटरीकडून येणारी कुठली?”

तेव्हा मात्र पप्पांच्या तेवढ्या उत्तरावर मी निश्चिंत होऊन चहा टाकायला गेले होते.