शेड चारमधली निळी केबल

मी पंढरी. टेमघरात घर, मानकोलीला धंदा. मानकोलीच्या गोदामांत लाइटीचं काम माझ्याकडं कंत्राटानं हाय, आणि त्यातल्या एका गोदामाखाली तर आमचीच भातजमीन होती. म्हणून कंत्राट मिळालं, मी मोठा शिकलेला म्हणून न्हाय. हे आधीच सांगून टाकतो, मागनं कोणी टोमणा मारायला नको.

गोष्ट माझी न्हाय, किशनची हाय. दिघाशीच्या पाड्यावरचा माणूस, चौदा वर्षं माझ्या हाताखाली. वय चाळीस-बेचाळीस, त्याचं त्यालाही नक्की ठाऊक न्हाय. मराठी अक्षर लावून लावून वाचतो, इंग्रजीच्या नावानं बोंब. पण हात असा की मी वायरमनचं सर्टिफिकेट भिंतीला टांगून बसलोय, आणि काम येतं त्याला.

त्याला मी शिकवलं, आणि कसं शिकवलं तेही ऐका. पहिल्याच वर्षी टेमघरातल्या एका लूमच्या कारखान्यात त्यानं एका वायरीचं टोक टेप न लावता लोंबतं सोडलं. यूपीचा एक कारागीर तिथनं गेला, त्याचा खांदा लागला आणि तो धोट्याच्या ढिगावर जाऊन आपटला. जगला, त्याचं नशीब. मी किशनच्या कानफटात अशी ठेवून दिली की लूम चालू असताना माणसांनी वळून बघितलं. म्हटलं, "टोक मोकळं दिसलं की आधी त्याची सोय लाव, मग पाणी पी." तो गाल धरून म्हणाला, "बरं शेट."

ते त्यानं जे धरलं ते धरलंच. कुठंही टोक मोकळं दिसलं की त्याचा जीव खालीवर होतो. पाड्यावर त्याच्या घरी गेलो होतो एकदा, तर कपडे वाळत घालायच्या दोरीची दोन्ही टोकं गुंडाळून खोचलेली. त्याची बायको मंगळी मला म्हणाली, "तुम्ही लावलेलं येड हाय हे." मी हसलो. मला तेव्हा बरंही वाटलं होतं, खोटं का सांगू.

आता गोदामाचं ऐका. तिथं दोन गेटं हायत. पुढच्या गेटनं कंपनीची माणसं गळ्यात कार्ड घालून जातात-येतात. मागच्या गेटनं आमची, कंत्राटी माणसं. मागच्या गेटला सुटताना झडती होते. हात वर, सदरा वर, डबा उघडून दाखवायचा. किशनची पोरगी दीपिका बारावी झाली आणि त्याच गोदामात स्कॅनिंगला लागली, कंपनीच्या हजेरीवर. सहाला दोघांची सुट्टी एकदमच. ती पुढनं बाहेर पडायची, वळसा घालून मागच्या गेटाशी यायची आणि बापाची झडती संपेपर्यंत उभी राहायची. एकदा तिच्याबरोबर दोन मैत्रिणी होत्या. किशनचा सदरा वर, बरगड्या दिसताहेत, शिपाई डब्यातली भाकरी उलटून बघतोय. त्यातली एक हसली. दीपिका तिच्याशी परत बोलली न्हाय.

त्यानंतर किशन मला म्हणाला, "शेट, पगार राहू द्या हाय तेवढाच. मला पोरीसंगं पुढच्या गेटनं बाहेर पडायचं हाय." मी म्हटलं, "पडशील रे." तोंडाला काय लागतं बोलायला.

आणि झालंही तसंच, जवळजवळ. यंदा जानेवारीत शेड चार नवीन उभी राहिली. लांबच्या लांब पट्टा, त्यावरनं खोकी फिरणार, दोन्ही बाजूंनी पोरी बंदुकीसारख्या यंत्रानं खोक्यावरच्या काळ्या रेघांच्या चिठ्ठ्या वाचणार. ते सगळं एकमेकांशी बोलतं एका डब्यातनं. त्याला स्विच म्हणतात. आपला लाइटीचा स्विच न्हाय, तर उभ्या विटेएवढा लोखंडी डबा, त्याला केबल खुपसायची आठ भोकं. भोकाला पोर्ट म्हणायचं, आणि हा डबा ज्या लोखंडी कपाटात बसतो त्याला पॅनल. साईटच्या मॅनेजर करिष्मा मॅडमनी किशनचं काम आधी बघितलेलं होतं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "पंढरीभाऊ, ह्या पॅनलचं वायरिंग किशनला एकट्याला करू दे. उद्घाटनाला नीट चाललं, तर एक तारखेपासून तो कंपनीच्या हजेरीवर."

मी म्हटलं, "चांगलंच हाय मॅडम." आणि घरी येऊन कमळेवर, म्हणजे माझ्या बायकोवर, भाजी खारट म्हणून ओरडलो. भाजीला काही झालेलं नव्हतं. किशन गेला की माझं काम कोण करणार होतं? माझा भाचा हितेश? त्याला टेस्टर कुठल्या बाजूनं धरायचा ते सांगावं लागतं.

किशननं तीन दिवस पॅनल केला. मी बघत होतो. पॅनलमध्ये आडवी पट्टी ठोकून डबा तिच्यावर खटकन बसवला, हलवून बघितला. चोवीस व्होल्टची लाइन दोन वाटांनी आणली, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. अर्थिंगची हिरवी वायर पत्र्याचा रंग खरवडून, घासून आवळली. मोटारींच्या जाड वायरी एका बाजूनं आणि ह्या बारीक निळ्या केबली दुसऱ्या बाजूनं, मध्ये वीतभर अंतर. केबलीच्या टोकाला प्लग दाबायचा तर आतल्या आठ तारा ठरल्या क्रमानंच लागतात. तो क्रम त्याला वाचता येत न्हाय, म्हणून त्यानं पाठ केला. भगवापांढरा, भगवा, हिरवापांढरा, निळा, निळापांढरा, हिरवा, तपकिरीपांढरा, तपकिरी. दिवसभर पुटपुटत असायचा. केबलींना चिकटवायच्या चिठ्ठ्यांवर इंग्रजी आकडे दीपिकानं लिहून दिले. चाचणीत एकही केबल नापास झाली न्हाय. मला राग आला. शिष्याचं काम बघून राग येतो तेव्हा माणसानं समजावं की आपल्यात कीड लागली. मला तेव्हा समजलं न्हाय.

उद्घाटनाच्या सकाळी भाविक आला, ठाण्याचा इंजिनियर. त्यानं आपल्या लॅपटॉपपासून एक निळी केबल स्विचच्या सातव्या पोर्टात लावली, काय सेटिंग करायचं ते केलं. पट्टा चालू झाला, बंदुका टिकटिक करू लागल्या, सगळं झकास. किशन हात धुवायला गेला होता, कारण मॅडम म्हणाल्या होत्या की पाहुण्यांसमोर तू उभा राहा. भाविकनं लॅपटॉपकडचं टोक उपटलं आणि केबल तशीच पॅनलमध्ये लोंबती ठेवली. मला म्हणाला, "काका, ही राहू द्या. दुपारी परत लागेल. कोणाला हात लावू देऊ नका." मी म्हटलं, "बरं."

पाहुणे येईपर्यंत पट्टा बंद ठेवून तो चहाला गेला. किशन आला. धुतलेला सदरा, केसाला पाणी लावलेलं. पॅनल उघडा बघून बंद करायला वाकला, आणि त्याला ते टोक दिसलं.

मी दारात होतो. चार पावलांवर. त्यानं केबल हातात घेतली, टोक बघितलं, दुसरं टोक सातव्या पोर्टात हाय हे बघितलं. इकडंतिकडं जागा शोधली. बाजूचा आठवा पोर्ट रिकामा होता. मला माहीत होतं की ह्याला हात लावायचा न्हाय. काय होईल ते ठाऊक नव्हतं, देवाशपथ नव्हतं. वाटलं, काहीतरी बारीकसारीक बिघडंल, मॅडम म्हणतील की अजून तयार न्हाय हा, आणि राहील माझ्याकडं अजून दोन वर्षं. "किशन्या, सोड ते" एवढंच म्हणायचं होतं. मी खिशातनं तंबाखू काढली.

टक्कन आवाज झाला. त्यानं पॅनलचं दार लावलं, कडी घातली, सदऱ्याला हात पुसले.

झालं काय, ते मला भाविकनं मागनं सांगितलं. केबलीची दोन्ही टोकं एकाच डब्यात गेली की त्यातला निरोप बाहेर जातो आणि फिरून आत येतो, परत बाहेर, परत आत. एकाचे हजार होतात आणि पूर्ण डबा तुंबतो. असलं वेटोळं झालं तर ती वाट आपोआप बंद करायचं एक सेटिंग असतं. ते भाविकनं चालू केलेलं नव्हतं. घाई होती म्हणाला.

अकराला पाहुणे आले, पट्टा परत चालू केला. मॅडम त्यांना पट्ट्याजवळ घेऊन गेल्या, दीपिकाच्या टेबलापाशीच. ती खोक्यावर बंदूक धरते, काही वाचत न्हाय. परत धरते, न्हाय. मग पट्टा अडखळला, मागची खोकी पुढच्यांवर चढली आणि तीन खाली पडली. एकातनं काचेचं सामान निघालं. पाहुणे दोन पावलं मागं सरले. मॅडमचा चेहरा मी बघितला न्हाय, मी दुसरीकडं बघत होतो.

पाऊण तास भाविक लॅपटॉपवर डोकं आपटत होता. मग पॅनल उघडला आणि त्याला सातव्यातनं आठव्यात गेलेली निळी केबल दिसली. "हे कोणी लावलं?"

किशन पुढं आला. त्याला वाटलं, कामाबद्दल विचारताहेत. म्हणाला, "मी लावलं साहेब. टोक मोकळं राहिलं होतं."

चार जण हसले. भाविकनं माझ्याकडं बघितलं. त्याची चूक त्याला ठाऊक, माझी मला ठाऊक. तो मॅडमना म्हणाला, "अडाणी माणसाच्या हातात पॅनल दिल्यावर दुसरं काय होणार?" मॅडमनी मला विचारलं, "तुम्ही ह्याला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं की," मी म्हटलं. "हात लावू नको म्हणून दोनदा सांगितलं."

किशननं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलणार. तो आठवत होता. खरंच आठवत होता, कपाळाला आठी घालून. मग मान खाली घालून मॅडमना म्हणाला, "सांगितलं असंल शेटनी. माझ्याच ध्यानात राहिलं न्हाय." पलीकडं दीपिका फुटलेलं सामान गोळा करत होती, तिनं ते ऐकलं.

मॅडम त्याला साईटवरनंच काढणार होत्या. मग मी मोठेपणा केला. म्हटलं, "राहू द्या मॅडम, गरीब हाय. माझ्या माणसांत ठेवतो, पॅनलला हात लावू देणार न्हाय." मॅडम तयार झाल्या. बाहेर आल्यावर किशन माझ्या पाया पडला, गोदामाच्या आवारात, सगळ्यांसमोर. मी त्याला उठवलंसुद्धा. त्यानं माझं काय घोडं मारलं होतं, हा प्रश्न मला त्या दिवशी पडायला हवा होता. मला पडलेला प्रश्न होता की शेड पाचचं काम कधी निघतंय.

ते मार्चमध्ये निघालं. पॅनलच्या खोलीला आता कुलूप असतं, किल्ली माझ्याकडं. मी किशनला आत घेतो, दार लावून घेतो, तो वायरिंग करतो, बाहेर येऊन सही मी करतो. आतमध्ये तो पुटपुटतो, भगवापांढरा, भगवा, हिरवापांढरा. एकदा त्यानं विचारलं, "शेट, त्या दिवशी माझं नक्की काय चुकलं? सांगा, म्हणजे परत होणार न्हाय." मी म्हटलं, "तुला समजायचं न्हाय ते." तो म्हणाला, "बरं शेट."

मेमध्ये दीपिका माझ्याकडं आली. गळ्यात कार्ड, हातात डबा. म्हणाली, "काका, भाविकसर काल आम्हाला शिकवायला आले होते. बोलता बोलता म्हणाले की केबलीचं त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं, आणि बाबा तेव्हा तिथं नव्हतेच."

"तुला कोणीतरी भरवलंय" असं म्हणणार होतो, पण पोरगी सरळ डोळ्यांत बघत होती.

"मी घरी जाऊन बाबांना सांगितलं," ती म्हणाली. "म्हटलं, शेट खोटं बोलले. तर त्यांनी मला कानफटात मारली. मला त्यांनी कधी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. म्हणाले, ज्यानं भाकर दिली त्याच्याबद्दल वाकडं बोलायचं न्हाय." तिनं गालाला हात लावला न्हाय, नुसतं सांगितलं. "आता तुम्ही सांगा त्यांना. माझं ते ऐकत न्हाईत."

मी म्हटलं, "बघतो."

ती अजून पुढच्या गेटनंच जाते. पण वळसा घालून मागं येत न्हाय, परस्पर रिक्षात बसते. किशन मागच्या गेटाला हात वर करून उभा असतो, सदरा वर, आणि शिपायाच्या खांद्यावरनं रस्त्याकडं बघतो. मंगळी सांगते, घरात बापलेक एका वेळी जेवत न्हाईत.

जूनमध्ये डोंगरात शेवळं निघाली, पहिल्या पावसाची रानभाजी. किशन दर वर्षी आणतो, यंदाही आणली. संध्याकाळी झडती झाली, शिपायानं पिशवी उलटून सगळ्या जुड्या मातीत पाडल्या. किशननं एकेक उचलली, फुंकर मारली आणि माझ्या गाडीपाशी आला. "शेट, वैनींना सांगा, काकडाची आंबट फळं पण ठेवलीत वेगळी. त्याशिवाय रांधू नका, न्हायतर तुमच्या घशाला खाज यायची." फडक्याची पुरचुंडी केली होती, गाठीची दोन्ही टोकं आत खोचलेली.

सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं. कोणी नव्हतं आजूबाजूला. मी पिशवी घेतली, हँडलला अडकवली आणि म्हटलं, "उद्या लवकर ये, शेड सहाचा पॅनल हाय."