सुट्टीच्या दिवशीची बाटली

तुमच्या घामाचा रंग तुम्ही कधी पाहिलाय का?

माझ्या वडिलांचा पिवळा होता. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ते पावडर सुकवायच्या खात्यात होते. घरी येऊन कितीही घासून अंघोळ केली तरी सकाळी उशीची खोळ हळदीसारखी. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा कारखान्याच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटायचो. त्यांच्या खात्यातल्या एका काकांच्या लघवीतून रक्त गेलं आणि मुंबईच्या एक डॉक्टरबाई सगळ्यांची लघवी तपासायला आल्या. आईने ठरवलं होतं, रिपोर्टात काही निघालं की वडिलांना ते खातं सोडायला लावायचं.

कारखान्याला शुक्रवारी सुट्टी. वडिलांनी त्याच दिवशी संध्याकाळी तांब्याभर पाणी पिऊन, अंघोळ करून बाटली भरली. "बाईमाणसापुढे पिवळीधमक नेऊ काय? बरं दिसतं का ते?" सगळ्या खात्याने हेच केलं.

रिपोर्ट स्वच्छ. "बघ, एकदम टकाटक!" वडील आईला म्हणाले.

आईने उशीची खोळ काढली. खोळ पिशवीत घालून मला घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी खोळ पाहिली आणि विचारलं, "बाटली कधी भरली होती?" आईने सांगितलं. बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, हे बरंचसं एका दिवसातच शरीराबाहेर जातं. तुम्ही मला सुट्टीच तपासायला दिलीत!"

पुढच्या वेळी बाटल्या पाळी सुटताना, गेटजवळच भरल्या. वडिलांच्या लघवीत रंगाची खूण भरपूर निघाली; त्याच यंत्रावरच्या त्यांच्या जोडीदाराच्या कमी. धूळ तीच, नाकावरचं फडकं तसंच. बाईंनी दोघांना कॉफी पाजून पुन्हा नमुने घेतले. शरीर कॉफी कशी पचवतं, त्यावरून हे विष ते किती लवकर निकामी करतं याचा अंदाज येतो म्हणे. "तुमचं शरीर सावकाश करतं. ते जन्मतःच ठरलेलं असतं," त्या वडिलांना म्हणाल्या.

मी बाटली उजेडात धरली. नुसतं पिवळसर पाणी. त्यात वडिलांचा दिवसभराचा श्वास होता, आणि मी कधी न पाहिलेल्या आजोबांकडून आलेलं काहीतरीही. माझ्या एकाही पत्रकात एवढं सत्य नव्हतं.

सुपरवायझर म्हणाला, "मग अशा सावकाशवाल्यांनाच काढू." मी पुढच्या पत्रकात लिहिलं: माणसं काढू नका, धूळ काढा.

आईने ठरवल्याप्रमाणे वडील ते खातं सोडून पॅकिंगला गेले. खोळ हळूहळू पांढरी झाली. पण त्यांच्या जागी दुसरा माणूस उभा राहिला, आणि त्याच्याही घरी उशी असणारच.

म्हणून मागणं एवढंच. तुमच्या वस्तीत कोणी नमुना मागायला आलं, तर तो काम सुटल्यावर द्या, आहे तसा द्या. लाजू नका. आणि निकाल हातात पडेपर्यंत त्यांचा पिच्छा सोडू नका.