थंडाईवाल्या मामाच्या जाहिराती

"सांगितल्याबिगर कळतंय व्हय लोकास्नी?" असं म्हणत मामा आपला ओला हात माझ्या टेबलावर आपटायचा. त्या हाताला खसखशीचा आणि बडीशेपेचा वास असे. टेबलावर कुणाची तरी लग्नपत्रिका वाळत पडलेली असे, तिच्यावर पाचही बोटं उमटत आणि ती मला पुन्हा छापावी लागे. त्याला रागावून उपयोग नव्हता. काही लोकांना सांगूनही कळत नाही, आणि त्यांत आपला नंबर बराच वर आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

कोल्हापूरच्या महाराजांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. महाद्वाराजवळच्या एका बोळात माझा लहानसा छापखाना होता आणि बोळाच्या तोंडाशी त्याचं थंडाईचं दुकान. तालमीतले पैलवान त्याला मामा म्हणत, म्हणून आम्ही सगळेच मामा म्हणत होतो. छापखान्यामुळे माझ्याकडे नाना तऱ्हेचे दुकानदार येत. तुम्हीही असे दुकानदार पाहिले असतील. माल चांगला असतो, गिऱ्हाईक दारात असतं, आणि मग एके दिवशी मालकाला अक्कल सुचते. तिथून दुकानाला उतरती कळा लागते.

मामाचा माल तर अव्वल होता. मामा आणि मामी पहाटेपासून दगडी कुंडीत लाकडी दांड्यानं बदाम, खसखस, मिरी घोटत बसत. मामीच्या मनासारखं गंधासारखं बारीक झाल्याशिवाय त्यात दूध पडत नसे. मेहनत करून अंगाची लाल माती न झाडताच पैलवान दुकानापुढे उभे राहत. बोळातून बाईमाणसाला जायला वाट नसे. यासाठी कधी एक कागद छापावा लागला नव्हता.

पण समोर उभी असलेली गिऱ्हाइकं मामाला दिसतच नसत. जी आली नव्हती, तीच डोळ्यांपुढे नाचत.

"मालक, ह्ये पैलवान तर येत्यातच. बाकीचं गाव कुटं येतंय?"

"बाकीच्या गावाला थंडाई पचायला नको का, मामा?"

"तेच तर सांगायचं! पचती म्हणून छापा की!"

त्याची पहिली जाहिरात मी अजून विसरलो नाही. मुलं, म्हातारे, बाळंतिणी, वकील, कारकून, भजनी मंडळी, सगळ्यांना ही थंडाई उपयुक्त. गुडघेदुखी जाते, झोप लागते, फार झोप येत असेल तर ती उडते, केस काळे राहतात. एवढं सगळं असून दुकान कुठं आहे ते त्यात नव्हतं. मी विचारलं, तर मामा माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला.

"माजं दुकान ठावं न्हाई असा मानूस हाय व्हय कोल्हापुरात?"

आणि तो गठ्ठा त्यानं वाटला कुठं? आमच्याच बोळात! ज्यांच्या दारावरून थंडाईचा वास जात होता त्यांच्याच हातात. पैलवानांनी तो कागद कुणाकडून तरी वाचून घेतला आणि एकमेकांकडे बघू लागले. बाळंतिणीचं औषध आपण इतके दिवस शड्डू ठोकून पीत होतो की काय, अशी शंका त्यांना आली. दोघेतिघे त्याच दिवसापासून दुधावर गेले.

शहाणा माणूस इथं थांबला असता. मामानं स्वतःचं चित्र कोरून घेतलं.

लाकडावर ठसे कोरणाऱ्या एका कारागिराला गाठून त्यानं आपल्या मुखकमलाचा ठसा करवला. मिशा, फेटा, कपाळावर आठी. कागदावर चेहरा एवढा मोठा आला की 'थंडाई' हा शब्द खाली कोपऱ्यात, मुंगीएवढ्या टाइपात बसवावा लागला. ते कागद घेऊन मामा बिद्रीच्या जत्रेला गेला आणि झाडाझाडांवर चिकटवत सुटला. तिथल्या पाटलानं कागद पाहिला, मामाकडे पाहिलं आणि फरारी दरोडेखोर स्वतःच आपले कागद लावत फिरतोय असं समजून त्याला चावडीत बसवून ठेवलं. मामा ओरडून सांगत होता, "पाटील, म्या थंडाईवाला हाय!"

पाटील म्हणाला, "मग थंडाईचं चित्तर काढायचं की, पावणं! तुजं थोबाड कोन पिनार हाय?"

त्या साऱ्या प्रकरणात शहाणपणाचं एवढं एकच वाक्य बोललं गेलं. मामानं ते मला हसत हसत सांगितलं, पण डोक्यात घेतलं नाही.

मग समोर सोडावॉटरवाला आला. गोटीची बाटली, फटकन आवाज, नाकातून वाफ. मामा दिवसभर पायरीवर उभा राहून त्याच्या नावानं शंख करू लागला. "आतडी सडत्यात रं! पोटात वारा भरतोय!" ज्यांना बोळात सोड्याचं दुकान निघाल्याचा पत्ता नव्हता, त्यांना तो लागला. पोटात वारा कसा भरतो ते बघायला माणसं लांबून आली. सोडेवाल्यानं जाहिरातीवर कवडी खर्च केली नाही. त्याला गरजच नव्हती. समोर मामा होता.

मामी एकदा कुंडीवरून मान वर न करता म्हणाली, "तोंड वाजवायच्या जागी जरा दांडा फिरवा. आज खसखस भरड ऱ्हायलीया." मामानं ऐकलं नाही. थंडाई भरड लागते, असं मग गिऱ्हाइकंही म्हणू लागली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्या साली मोठं मैदान ठरलं. स्वतः महाराज कुस्त्या बघायला येणार होते. आमच्या तालमीतला कबनूरचा एक उमदा गडी शेवटच्या जोडीत होता. पोरगा मामाच्या दुकानावर वाढलेला, मामीला आई म्हणणारा. मामा उड्या मारतच छापखान्यात आला.

"छापा! 'आमचीच थंडाई पिनारा कबनूरचा पैलवान आज जिंकला.'"

"अहो, कुस्ती परवा आहे."

"मग? जिंकल्यावर समदं जगच बोंबलतंय. म्होरं सांगायची गंमत हाय."

"कुस्ती होऊ द्या, मामा. त्याच संध्याकाळी छापून देतो."

तो हट्टाला पेटला. मी नाही म्हटल्यावर त्यानं दुसऱ्या छापखान्यातून कागद काढले आणि मैदानाच्या दारात उभा राहून प्रत्येकाच्या हातात कोंबले. तिथं मीही होतो. हलगी कडाडत होती. कबनूरच्या गड्यानं मातीला हात लावून कपाळाला लावला, हात मिळवला, आणि पान खाऊन थुंकायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ढाकेचा डाव बसून तो आभाळाकडे तोंड करून पडला.

मग मागून कुणीतरी हातातला कागद फडकवत ओरडला, "थंडाई पिऊन थंड झाला रं!"

अख्खं मैदान हसलं. आखाड्यात हरलेल्या पैलवानाला माणसं हसत नाहीत. तो मान खाली घालून जातो, त्याला वाट देतात. या पोराच्या अंगावर मात्र कागदांचे बोळे पडले. तो माती न झाडता गर्दीतून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा माझ्यापुढे. मला वाटलं, ओशाळला असेल. छे! "छापा, 'पैलवानानं थंडाई पुरती पिली न्हवती. दोष थंडाईचा न्हवं.'"

मी त्याला छापखान्याबाहेर काढलं. तो कागदही त्यानं दुसरीकडून आणला. संध्याकाळी तालमीचे वस्ताद दुकानासमोर आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "पडल्याली कुस्ती आमी विसरतो, मामा. पडल्याल्या गड्यावर पाय दिलासा तुमी." त्या दिवसानंतर बोळात लाल माती सांडली नाही. मामी रिकाम्या कुंडीजवळ बसून राही. नवऱ्याशी तिनं बोलणं टाकलं.

मामाचं माझ्याकडे येणंही थांबलं. टेबल कोरडं राहू लागलं. मला वाटलं, आता हा रस्त्याच्या वळणावर उभा राहून मामीच्या अबोल्याची जाहिरात करील.

पावसाळा सरल्यावर मी सकाळी रंकाळ्याकडे फिरायला जात असे. तळ्यापलीकडे कुणाचा तरी म्हशींचा गोठा होता. त्याच्या बांधावर मामा दिसला. पुढ्यात ओल्या फडक्यानं झाकलेला तांब्या, आणि चार हातांवर पाठमोरा बसलेला तो कबनूरचा पैलवान. तालीम सोडून तो तिथं म्हशी राखायला राहिला होता. बऱ्याच वेळानं पैलवान उठून म्हशींच्या मागं गेला. मामानं तांब्या तसाच उचलला.

"रोज येता?" मी विचारलं.

"येतो."

"तो पीत नाही?"

"कावलाय. बरोबर हाय त्येचं." मामानं फडकं नीट खोचलं. "कुस्ती काय, मालक, आज पडली, उद्या मारंल. पर माजा कागूद लोकं अजून वाचून दावत्यात त्येला." थोडं चालून गेल्यावर तो वळला. "कुनाला बोलू नगा."

मला तोवर वाटत होतं की या माणसाला मी आतून-बाहेरून ओळखतो.

थंडी पडली तेव्हा एकदा पैलवान तांब्या तोंडाला लावून बसलेला दिसला आणि मामा म्हशींना चारा टाकत होता. त्याच सुमारास मामीच्या दांड्याचा आवाज पुन्हा पहाटे ऐकू येऊ लागला. पुढं कागलकडच्या एका जत्रेत त्या पोरानं चांगली नावाजलेली जोड मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी जिंकलेला फेटा डोक्यावर घेऊन तो दुकानासमोर आला. मागं वस्ताद आणि अख्खी तालीम.

"मामा, वता की," एवढंच तो म्हणाला. मामी आतून धावत आली.

मी टाइपाची पेटी तशीच टाकून बोळाच्या तोंडाशी गेलो. "मामा, आता छापू! माझ्यातर्फे छापतो, हवे तेवढे कागद!"

"नगं."

"अहो, आता तर सगळं खरं आहे!"

"खरं हाय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या की," असं म्हणून तो पेले विसळू लागला.

याला काय म्हणावं? जन्मभर नको तिथं बोंब मारली, आणि जगानं ऐकावं असं काही हाती आलं तेव्हा गाढव गप्प बसलं. सोडेवाला असता तर त्यानं हत्तीवरून साखर वाटली असती. मी त्या दिवशी फार चिडलो होतो. कशावर, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

नंतरची पाचसहा वर्षं दुकान चाललं, फार नाही, बेताचंच. एका उन्हाळ्यात मामाला ताप आला आणि दोन दिवसांत कारभार आटोपला. मी पोचलो तेव्हा बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी कुणाला निरोप धाडला, देव जाणे. तालमीतून आले होते, तसे दुसऱ्या तालमींतूनही आले होते. सोडेवाल्यानं दुकान बंद ठेवलं होतं. मामी उंबऱ्यात बसली होती. कबनूरच्या पैलवानानं तिच्यापुढे वाकून काही विचारलं, तिनं मान हलवली, आणि त्यानं पुढचा खांदा दिला.

मामा आधीच किडकिडीत, त्यात तापानं पार वाळलेला. उचलणारे सगळे पैलवान. त्यांना काही ओझंच वाटेना. ते आपल्या नेहमीच्या चालीनं निघाले आणि आम्ही बोळातली बाकीची माणसं, मी, सोडेवाला, शेजारचा सोनार, धोतरं सावरत गंगावेशीपर्यंत त्यांच्या मागं पळत होतो.