दुबईचं विमान आणि माझा हिशेब

पूर्णेच्या शाळेत मी भूगोल शिकवायचो, तेव्हाची गोष्ट. शेजारी रेल्वेतले एक गार्ड राहायचे, वयानं माझ्याहून थोरले. त्यांच्या मुलाला दुबईत फिटरची नोकरी लागली. मुलगा माझाच विद्यार्थी.

तिकीट हाती आलं, तसे गार्डसाहेब वेळा लिहिलेली चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले.

"गुरुजी, मुंबईहून सकाळी दहाला निघतंय, साडेअकराला दुबईत. लय लांब हाय का हो?"

असा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मी नकाशाचं पुस्तक काढलं, दोन्ही गावांमध्ये दोरा ताणला, पट्टीवर मोजला आणि म्हणालो, "एकोणीसशे किलोमीटर. प्रवास दीड तासाचा." मग भागाकार केला. वेग ताशी साडेबाराशेच्या वर आला. "तुमचा मुलगा आवाजापेक्षा जोरात जाणार," मी जाहीर केलं. पुढं आठवडाभर स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहा पिता पिता हेच ज्याला त्याला समजावून सांगत होतो. लोक ऐकतही होते.

दोन वर्षांनी मुलगा सुट्टीवर यायचा होता. त्याचं पत्र आलं: दुबईहून सकाळी दहाला निघून दुपारी अडीचला मुंबईत. गार्डसाहेब पत्र घेऊन आले.

"जाताना दीड घंटा, येताना साडेचार? असं कसं गुरुजी?"

गप्प राहणं माझ्या स्वभावात नव्हतं. म्हणालो, "समोरून वारा असतो. शिवाय दुबईहून येणाऱ्यांजवळ सामान फार." त्यांनी मान डोलावली.

मुलगा आला. मी भेटायला गेलो आणि वाऱ्याचा विषय मीच काढला. तो खाली बघत म्हणाला, "सर, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं. जातानाही तीनच तास लागतात, येतानाही तीनच." मग हळूच म्हणाला, "नववीत तुम्हीच शिकवलं होतं. रेखावृत्तं."

शिकवलं होतं खरं. दरवर्षी शिकवत होतो. एका अंशाला चार मिनिटं, हे पोरांकडून दहा दहा वेळा लिहून घ्यायचो. पण ती मिनिटं वहीतून बाहेर येऊन खऱ्या माणसाच्या तिकिटावर बसतात, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मी गार्डसाहेबांकडं पाहिलं. सारी हयात गाड्यांच्या वेळापत्रकात गेलेला माणूस.

"तुम्हाला शंका आली नाही?" मी विचारलं.

"आली होती की. पयल्या दिवशीच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी लय खुशीत सांगायलते, गुरुजी."

त्यांच्या बायकोनं चहा आणि वाटीभर खजूर पुढं ठेवला. मी मुकाट्यानं दोन्ही संपवलं. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणतो मुलगा?"

म्हटलं, "खजूर चांगला आणलाय."